नाताळची बिअर हुंगणारा गृहस्थ

नाताळच्या आठवड्यात आम्ही ऑफिसमधले चौघे स्वतःची बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलात गेलो होतो. शेजारच्या टेबलावर पन्नाशीचा एक गृहस्थ एकटाच बसला होता. तो ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि न पिताच खाली ठेवायचा. मग आमच्या ग्लासांकडे रोखून बघायचा.

"एक्साइजवाला असणार," मित्र कुजबुजला. मला तो दुसऱ्या ब्रुअरीने पाठवलेला हेर वाटला. मी माझा ग्लास जवळ ओढून घेतला.

शेवटी तो वाकून म्हणाला, "अहो, तुमच्या बिअरला दालचिनीचा वास येतोय का?"

"तुम्हीही तीच मागवलीय. बघा की हुंगून," मी तुटकपणे म्हणालो.

"केव्हाचा बघतोय. कोविड झाल्यापासून मला कशाचाच वास येत नाही. नाताळची ही मसाल्यांची बिअर आली की दरवर्षी येऊन बघतो."

मला ती थापच वाटली. पण तो उत्तराची वाट बघत होता, म्हणून मी ग्लास नाकाशी नेला.

"दालचिनी आहे," मी म्हणालो. "संत्र्याची साल आहे. आणि थोडा करपलेल्या गुळासारखा वास."

त्याने डोळे मिटून पहिला घोट घेतला.

"हां," तो म्हणाला. "सांगत राहा."