फ्लॉप्यांना लावलेलं कुंकू

मल्लेश्वरमच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला, पण त्याची हार्ड डिस्क अगदीच एवढीशी. वडिलांच्या कामाला जागा हवी असली की अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आपला गेम दाबून लहान करायचा आणि चार फ्लॉप्यांवर काढून ठेवायचा. खेळायचं असलं की त्या ओळीने घालून गेम पुन्हा उलगडायचा. एक जरी बिघडली तरी सगळं मुसळ केरात. गेम त्याने स्वतःच बनवलेला. सायकलवाला गल्लीबोळ चुकवत घरी पोचला की शेवटी खुद्द अण्णाचा आवाज यायचा. आई मात्र त्याला रिकामटेकडे उद्योग म्हणायची आणि त्या खोलीत फिरकायची नाही.

येलहंक्याहून स्कूटरवर येताना अण्णा गेला. गेम तेव्हा फ्लॉप्यांवरच होता. दुसरी प्रत करून ठेवायचं त्याच्या आळशी जिवाला कधी सुचलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

वर्षभर घरात सण नव्हता, आणि त्या फ्लॉप्यांना हात लावायचं माझं धाडस नव्हतं. वर्षश्राद्ध झालं, तशी आईच म्हणाली की येत्या आयुधपूजेला मला तू सांगतेस तो गेममधला त्याचा आवाज ऐकव.

आयुधपूजेला इथे लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, तसं आमच्या कॉम्प्युटरलाही लागायचं. मी अंघोळीला गेले तेवढ्यात आईने फ्लॉप्याही पुजल्या. वरच्या प्लास्टिकवर लावून तिचं समाधान होईना. पत्र्याची झडप सरकवून तिने प्रत्येकीच्या आतल्या काळ्या चकतीला ओलं कुंकू लावलं. त्याचं काम आत आहे ना, असं मला कौतुकाने सांगितलं.

त्या चकतीला साधं बोटही लावायचं नसतं. तरी पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरला आणि वाचता येत नाही म्हणून थांबला.

"स्वल्प पुसून बघ की," आई म्हणाली.

पुसलं. चारही घालून पाहिल्या. जुन्या झाल्या असतील, असं वडील पुटपुटले, पण आईला कळायचं ते कळलं. तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं, आणि तिचा चेहरा पाहून मलाच रडू फुटलं.

आईने विचारलं, "शेवटी काय म्हणायचा तो?"

"आई, आलो. वाढ."

"एवढंसं घर आपलं. मग मला कसं कधी ऐकू आलं नाही?"

तू रागावशील म्हणून अण्णा आवाज बारीक ठेवायचा, हे मी तिला सांगितलं नाही.