खडूच्या गोलाबाहेरचे सुभेदार

सुभेदारांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. एसटी निम्मी रिकामी असली तरी हे दांडी धरून दारापाशी. आणि अशा माणसाला आम्ही काम काय दिलं, तर एका जागी न हलणाऱ्या वस्तूची राखण.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. उपग्रहांवरून जमिनीवरची जागा बिनचूक मोजायची, तर काही ठिकाणी कायमचे अँटेना लागतात. बाकीची मोजणी त्यांच्याशी ताडून घ्यायची. आमच्या मोजणीच्या ऑफिसचे तीन होते, महाबळेश्वर, सातारा आणि सांगली. सांगलीचा एका कॉलेजच्या गच्चीवर, सिमेंटच्या खांबावर बसवलेला. तो केसभरही हलता कामा नये.

सुभेदार कराडकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी खांबाभोवती येरझाऱ्या घालू लागले. माणूस आड आला की सिग्नल तुटतो, म्हणून मी ओरडलो. त्यांनी निमूट खडूनं लांबवर गोल आखला आणि त्याच्या बाहेरून फिरू लागले. "त्यो हालायचा न्हाई, सायेब, म्हणून मी हालतोय," म्हणाले. दर शनिवारी मोजणीच्या फ्लॉप्या शर्टाच्या आतल्या खिशात घालून साताऱ्याच्या ऑफिसात आणून द्यायचे.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही सांगलीकडचे जुने बिंदू पुन्हा मोजले, तर प्रत्येक चार बोटं सरकलेला. कधीपासून, ते कळेना. म्हणजे कित्येक महिन्यांचं काम पाण्यात. आकडेमोड माझी, तेव्हा चूक माझीच, असं धरून मोठे साहेब माझ्यावर बरसत होते. उद्यापासून येऊ नका, इथवर गाडी आली, तेवढ्यात फ्लॉप्या घेऊन आलेले सुभेदार दारात थबकले. मग टाचा जुळवून म्हणाले, "ह्यांची न्हाई, चूक माजी हाय. खंडेनवमीला मी त्यो अँटेना खाली उतरवला हुता. पलटणीत बंदुकीची पूजा झाल्याबिगर आमी घास घेत नव्हतो. पुसला, हळदकुंकू वाहिलं, परत बसवला. वाटलं, हुता तसाच बसला."

नेमका दिवस कळल्यामुळे त्याआधीचं सगळं काम वाचलं. माझी नोकरीही वाचली. सुभेदारांची तिथल्या तिथं गेली, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. सुभेदार एसटीत चढले, खिडकीशी गेले आणि बसले. गुडघ्यांवर हात ठेवून. मला बघवेना. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "त्यो हालायचा न्हाई, सायेब. आता तुमी हाला."

पुढच्या खंडेनवमीला मी सांगलीच्या गच्चीवर गेलो. खांबाच्या पायथ्याशी झेंडूची फुलं ठेवली, वर हात लावला नाही. त्यांचा गोल पावसानं धुऊन गेला होता. खिशातून खडू काढून मी नवा आखला, आणि पाय दुखेपर्यंत त्याच्या बाहेरून फिरत राहिलो.