सालमनचा पर आणि माझी कात्री

मी आपल्याच माणसाला पकडून दिलं, असं ग्रुपवर दुपारपासून चाललंय, म्हणून लिहिते आहे.

आज सकाळी ओरेगनच्या किनाऱ्याजवळच्या नदीवर आपली सहल होती. समीरच्या गळाला सालमन लागला. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या सालमनचा शेपटीजवळचा छोटा पर लहानपणीच कापतात. तो मासा घरी नेता येतो. पर शाबूत असलेला, नदीत जन्मलेला मासा सोडावाच लागतो. समीरच्या माशाचा पर शाबूत होता.

मी कोथिंबिरीसाठी आणलेली कात्री उचलून या हुशार इंजिनीयरने तो कापला.

"अरे, रक्त येतंय त्यातून!"

"चिल, काकू. तपासणीवाल्यांना काय कळतंय!"

तपासणीला आलेल्या बाईंना बघताक्षणी कळलं. "कोणी कापला?" त्यांनी विचारलं.

"कात्री काकूंची आहे," समीर म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. मी गप्प बसायला हवं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे स्वतःच्या नावानिशी लिहावं.

बाईंच्या ताब्यात दिलं ते एवढं: अंडी घालायला समुद्रातून वर आलेली एक मेलेली मादी, तिचा कापलेला पर आणि माझी कात्री.