हाव म्हणजे होकार

माझ्या दिरांचा आवाज अख्ख्या अडत बाजारात ओळखीचा होता. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा, तुरीचा सौदा निघाला की ढिगाभोवती खरेदीदार जमायचे आणि हे मधोमध उभे राहून भाव पुकारायचे. घरीही तीच पट्टी. चहा मागायचा तरी गल्लीला कळायचं. मी कितीदा म्हणायचे, "भावजी, इथं लिलाव चाललेला न्हाई." त्यावर ते आणखी मोठ्यानं हसायचे.

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सगळं बंद पडलं. तंबाखूनं व्हायचं ते झालं, त्यावर मी इथं कीर्तन करत बसणार नाही. स्वरयंत्र काढलं, गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, त्यात नळी बसली आणि त्यावर पांढरा रुमाल आला. वेगळ्या पद्धतीनं बोलायला शिकता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते, पण दिरांनी एकदा आरशासमोर प्रयत्न केला आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. ते फोनवर लिहायचे आणि फोन वाचून दाखवायचा. फोनमध्ये बाईचा आवाज होता. स्वच्छ, शुद्ध, कुठल्याच गावची नसलेली बाई. जन्मभर भाव पुकारलेला माणूस तिच्या तोंडून "मला ताक पाहिजे" म्हणू लागला, तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही.

खरी अडचण त्यांच्या लेकीची होती. तिनं लग्न स्वतः ठरवलं होतं. मुलगा तिच्याच बँकेतला, नांदेडकडच्या शेतकरी घरचा. आम्ही लिंगायत, ते मराठा. तिनं घरात सांगितलं त्या दिवशी दीर बैठकीत उभे राहून "न्हाई!" म्हणाले. एकच शब्द, पण खिडक्यांच्या काचांनी ऐकला. पोरगीही त्यांचीच. ती म्हणाली, "ठीक हाय. मी थांबते. पळून जायची न्हाई." मग दोघं एकमेकांशी बोलेनात, आणि त्या अबोल्यातच गळ्याची गाठ निघाली.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी दवाखान्यातच त्यांनी मान हलवून लग्नाला होकार दिला. घरात पेढे आले. पोरीनं मात्र पेढा हातातच धरून ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मोठी आई, अप्पा हरलेत म्हणून मान हलवली. आवाज असता तर अजून न्हाईच म्हणले असते. मी त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकलाय." मी तिला चांगलंच झापलं. पण तिचं चुकत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मान काय, माणूस डास हाकलतानाही हलवतो.

हे दिरांनाही कळत असावं. लग्न जवळ आलं तसे एक दिवस ते माझ्याकडे आले आणि फोन पुढे धरला. बाई म्हणाली, "वहिनी, तुम्ही मराठीच्या मास्तरीण आहात. पोरगी सासरी निघताना मला तिच्याशी बोलायचं आहे. तुमच्या त्या एआयकडून लिहून घ्या."

मी रेणापूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. फोनमधला तो लिहिणारा मदतनीस माझ्या मुलानं पुण्याहून आल्यावर घालून दिला होता. शेजारणीला हळदीकुंकवाचं निमंत्रण, सोसायटीला पाण्याबद्दल तक्रार, एवढं मी त्याच्याकडून करून घ्यायची. त्यामुळे मला भारीच चेव आला. निरोपाचं भाषण म्हणजे माझाच प्रांत.

मी लिहिलं, ते जवळजवळ पाठ आहे. "आपण एक सिद्धहस्त मराठी साहित्यिक आहात. कन्येच्या पाठवणीच्या हृदयस्पर्शी प्रसंगी एका हळव्या पित्याच्या अंतःकरणात दाटलेला भावनांचा कल्लोळ अलंकारिक, ओघवत्या आणि काळजाला भिडणाऱ्या भाषेत शब्दबद्ध करावा. प्रारंभ, मध्य आणि समारोप असावा." वाचून मलाच बरं वाटलं.

मशीननं मागितलं तसं दिलं. लेक म्हणजे अंगणातली चिमणी, लेक म्हणजे दारातली तुळस, आज उंबरठाही हुंदके देत आहे. खाली समारोप. दहावीच्या वह्यांमध्ये असले निबंध मी वर्षानुवर्षं तपासले आणि त्यांना भरभरून मार्क दिले. दिरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि लिहिलं. बाई म्हणाली, "ह्यो कोन हाय?"

त्या शुद्ध आवाजात ते असं काही वाजलं की मी खो खो हसले. दीर हसले नाहीत.

मग मी सूचना वाढवल्या. चिमणी नको. तुळस नको. उंबरठा रडायला नको. अती भावुक नको, पण भावना हवी. साधं हवं, पण दर्जेदार हवं. चिमणी गेली तर मैना आली. तुळस गेली तर दारात पारिजातक उगवला, आणि उंबरठ्याऐवजी आता तोरण गहिवरलं. मी चिडून आणखी चार ओळी जोडायची, ते आणखी एक झाड लावायचं. माझ्या सूचनांचा मजकूर इतका लांब झाला होता की दर वेळी नव्यानं लिहायला नको म्हणून मी तो सगळा उचलून, म्हणजे कॉपी करून, थोडा बदलून, पुन्हा टाकायची. माझा नवरा पेपर वाचता वाचता म्हणाला, "काय पाहिजे ते त्याला सांगायलीस की त्याच्यावर शाळातपासणी लावलीस?" मी त्याला पेपर वाचायला सांगितलं.

दिरांचा धीर सुटला तो दुसऱ्या दिवशी. त्यांनी मैनेचं भाषण अर्ध्यात सोडून रागानं टाइप केलं, "वहिनी मला फक्त हाव म्हनायचंय."

आमच्याकडे हो म्हणायला हाव म्हणतात. जेवलाव का, हाव. येताव का, हाव. मी म्हटलं, मग एवढं अवघड काय आहे, फोनवर तेवढंच लिहा की. त्यांनी ते करून पाहिलं होतं. माझ्यासमोर परत केलं. "हाव," बाई म्हणाली, आणि तो एकटा शब्द बसस्टँडवरच्या घोषणेसारखा हवेत विरून गेला. कोण म्हणतंय, कुणाला, कशाबद्दल, काही कळेना. त्याच्या आजूबाजूला चार शब्द लागणार होते, हे खरं.

मी माझ्या त्या भल्या मोठ्या मजकुराच्या शेवटी एक ओळ जोडली : "पित्याला मुख्यतः हाव म्हणायची इच्छा आहे." आणि पाठवला.

उत्तर आलं. "माझ्या लाडक्या लेकी, आज सासरी जाताना एक गोष्ट ध्यानात ठेव. हाव माणसाला आंधळं करते. हाव नात्यांना पोखरते. ज्या घरात हाव शिरते, त्या घरातून समाधान निघून जातं."

मी कपाळावर हात मारला. पुस्तकातल्या मराठीत हाव म्हणजे लोभ, हे मी स्वतः पोरांना शिकवलेलं. बिचाऱ्या मशीननं पुस्तकंच वाचलेली. नांदेडची सगळी सोयरेमंडळी समोर उभी असताना पोरीच्या बापाच्या फोननं हे ऐकवलं असतं तर? हुंड्यावरून टोमणा मारला म्हणून मंडपातच जुंपली असती. दीर डोकावून वाचत होते. त्यांचे खांदे हलायला लागले, गळ्यातून हवेचा आवाज येऊ लागला. मी घाबरले. मग कळलं, हसताहेत. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मला मात्र राग आला. मशीनचा, माझा, सगळ्यांचाच. मी तो अख्खा मजकूर पुसून टाकला. फोन मांडीवर ठेवला आणि दिरांना विचारलं, "भावजी, सरळ सांगा. हाव का म्हणायचंय? तिला वाटतं तुम्ही हरून म्हणताव."

आश्चर्य म्हणजे इतक्या दिवसांत हे मी विचारलंच नव्हतं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. ते बराच वेळ टाइप करत राहिले, मध्ये पुसत राहिले. मग बाई बोलली. "पोरगा दवाखान्यात यायचा. पोरगी नसताना. माझी गळ्याची नळी पुसायचा. नाक मुरडलं नाही. मला पटला." थोडं थांबून आणखी एक वाक्य आलं. "तिला रडवू नका. रडली की गाडीत उलटी होते."

माझ्या पहिल्या मजकुरात भावनांचा कल्लोळ होता, आणि ह्यातलं काहीच नव्हतं. मी फोन उचलला आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं लिहिलं :

"बाप लातूरचा अडत्या. आवाज गेलाय. लेक सासरी निघाली. आवाज होता तेव्हा बाप लग्नाला न्हाई म्हणला, तेवढंच तिनं ऐकलं. आता त्याला हाव म्हणायचंय. हाव म्हणजे होकार, लोभ नव्हे. हरून म्हणत नाही. पोरगा दवाखान्यात येऊन त्याची गळ्याची नळी पुसायचा, म्हणून पटला. चार ओळी दे. शोभेचे शब्द नकोत. तिला रडवू नको, गाडीत उलटी होते."

आणि काय सांगू, नीट चार ओळी आल्या. "पोरी, तू माझा नकार ऐकलास, होकार ऐकायचा राहिला. तो आज ऐक. तुझी निवड मला मनापासून पटली. हाव." नळीचा उल्लेख त्यानं गाळला होता, बहुधा मंगल प्रसंगी बरा दिसत नाही म्हणून. पण झाड नव्हतं, पक्षी नव्हता. दिरांनी माझ्या फोनवर वाचून अंगठा वर केला. तरी पुढं कधी लागला तर असू दे म्हणून मी मशीनला लिहिलेला माझा मजकूर सवयीनं कॉपी करून ठेवला. लग्नाच्या सकाळी, केसात गजरा खोचता खोचता आणि आचाऱ्याशी भांडता भांडता, दिरांना त्या चार ओळी पाठवून दिल्या. काय चिकटवलं ते पाहिलं नाही.

दुपारी पाठवणी झाली. मंगल कार्यालयाच्या दारात गाडी लागलेली, बँडवाले थांबलेले. पोरगी आईच्या, माझ्या पाया पडून बापासमोर आली. दिरांनी वाकू दिलं नाही. दोन्ही हातांनी फोन छातीशी धरला आणि बटण दाबलं.

"बाप लातूरचा अडत्या," बाई म्हणाली. "आवाज गेलाय."

हे तर मी मशीनला लिहिलेलं! मी पुढं धावले, पण मध्ये विहीणबाई, करवल्या, पिशव्या. मागं कुणीतरी हसलं. दीरही गोंधळून माझ्याकडे बघत होते, फोन बंद करायचं त्यांना सुचेना. "आवाज होता तेव्हा बाप लग्नाला न्हाई म्हणला, तेवढंच तिनं ऐकलं." हसणारे गप्प झाले. बाई एका सुरात पुढं बोलत राहिली. होकार, लोभ नव्हे. गळ्याची नळी. नवरदेवानं मान खाली घातली. त्याच्या आईनं त्याच्याकडे वळून पाहिलं, तिलाही हे ठाऊक नसावं. "चार ओळी दे. शोभेचे शब्द नकोत. तिला रडवू नको, गाडीत उलटी होते."

लाजेनं मी अर्धमेली झाले होते.

"अप्पा," पोरगी म्हणाली, "हे तुमचं हाय?"

दिरांनी मान हलवली.

"मान नका हलवू. परत ऐकू द्या."

त्यांनी परत बोट ठेवलं. बाई पहिल्यापासून सुरू झाली. अडत्या, आवाज, सासर, न्हाई. पोरगी बापाच्या छातीशी कान नेऊन उभी होती. "आता त्याला हाव म्हणायचंय," एवढं आल्यावर तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून फोन थांबवला.

"बास," ती म्हणाली. "ऐकलं."