भट्टीच्या हातचं कोमट पाणी

माझा दादा आधी हाणायचा आणि मग विचारायचा, काय झालं म्हणून. आमच्या लाँड्रीच्या गल्लीत त्याला भट्टी म्हणत. एक तर दुकानात कपडे उकळायची भट्टी तोच पेटवायचा, आणि दुसरं त्याचं डोकं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका टेम्पोवाल्यानं एकदाच म्हटलं. त्याचं नाक अजून डावीकडे बघतं.

त्याच्या हातांना इसब होता. लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत होता, मधे गेल्यासारखा वाटला, आणि सोड्याच्या पाण्यात हात घालायला लागल्यावर बोटांवर आला तो ठाण मांडूनच बसला. जाड, सुकलेली कातडी आणि पेरापेरावर चिरा. कुणाला ठोसा लगावला की रक्त दोघांचंही निघायचं. दुपारी जेवण झालं की दाराच्या चौकटीवर गुरासारखे हात घासत उभा राहायचा. मी शेजारीच इस्त्री करायचे, मला बघवायचं नाही.

"दादा, दाखव की कुणाला तरी."

"गप गं. लाँड्रीवाल्याचे हात आहेत, नवरीचे नाहीत."

आता अशा माणसाला मुलगी झाली, आणि पार विरघळला की हो! तिचं सगळं मीच करणार म्हणाला. तिचे इवलेसे कपडे हॉटेलच्या चादरींच्या आधी, पहिल्या उकळीत टाकायचा. सोडा दुप्पट, वर ब्लीच, आणि शेवटी कडक खळ. बगळ्यासारखे पांढरे निघायचे. झबलं टेबलावर ठेवलं तर आपलं आपण उभं राहायचं. आणि आंघोळीचं पाणी? त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. स्वतः टब भरणार, कोपरापर्यंत हात बुडवणार आणि जाहीर करणार, "कोमट आहे!" मग पोर टबात, आणि पोरीची किंकाळी खाली दुकानापर्यंत. आई म्हणायची, बाळं रडतातच आंघोळीला.

वहिनी एकदा म्हणाली, "अहो, पाणी जरा गरम वाटतंय मला."

दादानं पुन्हा हात बुडवला, मिनिटभर आत ठेवला, काढला. "हे बघ. कोमट. तुझे हात शिवणकामाचे, तुला सगळंच गरम लागतं." वहिनीच्या माहेरी सगळे शिंपी.

तीन-चार महिन्यांत पोरीचे गाल लाल झाले. मग खरबरीत. मग कोपराच्या लवणीतून, मानेच्या घडीतून लस गळायला लागली. खाज सुटली की चेहरा उशीवर रगडायची, नखांनी स्वतःला ओरबाडायची. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके! मी ते अभ्रे धुतलेत, मला माहीत आहे.

दादानं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. त्यानं न बघता, न विचारता एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा कसा लख्ख! दादानं त्याला मिठी मारली. ट्यूब संपली आणि पुरळ दुप्पट होऊन उलटलं. मग दादा परत गेला, आणि या वेळी मिठी नव्हती. काचेचं काउंटर एका ठोशात खाली आलं. औषधवाल्याला त्यानं गळपट्टी धरून त्या काचांवरून बाहेर ओढला. माणूस मेला असता, चार जणांनी सोडवला म्हणून वाचला. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात आईनं आगीत तेल ओतलं. "आईचं दूध बाधतंय पोरीला. काय खाते कोण जाणे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण दादाला कुणीतरी हवंच होतं. औषधवाल्याला मारून झालं होतं, आता वहिनी. म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी, तसलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी पोरीला पाजत बसली होती. दादा वर आला, दाणदाण पाय आपटत. "बस झालं. आजपासून हिचं दूध बंद. तू चाललीस माहेरी." आणि त्यानं पोरीला पदराखालून ओढली. वहिनी सोडेना. त्यानं तिला ढकललं, ती दारावर आदळली. मी मधे पडले तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर. हा माझा पुढचा दात अर्धा आहे ना, तो तेव्हाचा. वहिनीला त्यानं जिन्यात लोटलं आणि आतून कडी लावली.

आत पोर टाहो फोडत होती. दादा तिच्या तोंडात पावडरच्या दुधाची बाटली कोंबत होता, ती तोंड फिरवत होती. बाहेर वहिनी दार बडवत होती. मग बडवणं थांबलं. मला वाटलं, गेली बिचारी. कसली जाते! खाली जाऊन तिनं भट्टीतले निखारे ढवळायचा लोखंडी गज आणला आणि दारावर घातला. पहिल्या घावात फळी फुटली, तिसऱ्यात कडी उडाली.

आत आली तेव्हा तिचं पोलकं दुधानं पार भिजलं होतं. पोरीचं रडणं ऐकून पान्हा फुटला होता आणि सगळं दूध जिन्यात सांडलं होतं. एका हातात गज. आजवर अहो-जाहो करणारी ती बाई म्हणाली, "दे इकडे. नाहीतर डोकं फोडीन तुझं."

दादानं दिली. माझ्या जन्मात मी त्याला हार मानताना पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी तशीच निघाली, कडेवर पोर, हातात गज. तिच्यामागे दादा, दादाच्या मागे तोंडाला फडकं दाबून मी. अख्खी गल्ली दारात. थेट सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरबाईंकडे.

बाईंनी एकदा वर पाहिलं. "आधी तो गज बाहेर ठेवा."

पोरीला नीट तपासलं. "इसब आहे. बाळांना होतो तसा. दूध अजिबात तोडायचं नाही, इथे दुधाचा काही दोष दिसत नाही." मग त्यांची नजर दादाच्या हातांवर गेली. "ही कातडी कुठून आली ते कळलं. तुमच्याकडून. ती चूक कुणाची नाही. पण हे इतकं का चिघळलंय? आंघोळ कशी घालता?"

"कोमट पाण्यानं," दादा म्हणाला. "मी स्वतः बघतो."

बाईंनी कोपऱ्यातल्या गिझरच्या नळाचं पाणी तसराळ्यात काढलं. "सांगा बरं, कसं आहे?"

दादानं हात बुडवला. "कोमट."

वहिनीनं बोट घातलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं. मी घातलं, मलाही चटका बसला. दादाचा हात अजून आतच होता.

"तुमच्या हातांना काही कळतच नाही," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "वर्षानुवर्षं उकळीत घालून जाड झालेत ते. पोरीला तुम्ही रोज कढत पाण्यात घालत होतात." मग पोरीचं झबलं काढून नाकाशी धरलं. "आणि हे? सोडा, ब्लीच, खळ? उघड्या जखमेवर?"

दादा भिंतीकडे वळला आणि भिंतीला ठोसा मारला. परत मारला. परत. चुन्यावर रक्त उमटलं.

"भिंत सरकारची आहे," बाई म्हणाल्या. "बसा. आता ऐका."

आणि सांगितलं. आंघोळ पाच-दहा मिनिटं, खरंच कोमट पाण्यानं, आणि पाणी वहिनीनं बघायचं. वासाचा साबण नको. पुसताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच जाडसर मलम सगळीकडे थापायचं, दिवसातून दोन-तीनदा, पुरळ असो नसो. लाल चट्ट्यांवर सौम्य औषधी मलम, त्या सांगतील तितकेच दिवस. दुकानातून मनानं आणलेली ट्यूब परत कधी नाही. नखं कापायची. कपडे सुती, मऊ, साध्या साबणात धुऊन दोनदा खळबळायचे. पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं. पोर मोठी होईल तसा इसब बहुतेक कमी होईल, पण मुळापासून जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही. दादालाही औषध दिलं. रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घालायचे, हात धुतले की लगेच मलम.

दवाखान्याच्या पायरीवर दादा वहिनीसमोर उभा राहिला. "मार मला."

"मारून मला काय मिळणार?" वहिनीनं गज उचलला. "मी घरी येईन. पण ज्या हातांनी तिला माझ्यापासून ओढलंत, ते हात बरे होईपर्यंत तिला लावायचे नाहीत. आणि बरे झाले की नाही ते मी ठरवीन."

मला वाटलं, आता हा खवळणार. पण तो मान खाली घालून तिच्यामागे चालत घरी आला.

त्यानंतरचा दादा बघायला हवा होता. पांढरे हातमोजे, वर पिवळे रबर, गल्ली हसून लोटपोट. रोज सकाळी शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करून वहिनीसमोर उभा. ती त्याच्या पेरांवरून गाल फिरवायची. "अजून टोचतंय." की हा गेला खाली. पोर समोर रांगायला लागली, गाल निवळले, कोपरांत थोडं लाल अधूनमधून उठायचं. आणि हा चार हातांवरून बघत बसायचा. एकदा ती रांगत त्याच्या पायाशी आली, तेव्हा त्यानं हात पाठीमागे बांधले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मला रडू कोसळलं, राग होता तरी.

मग हॉटेलचा मुकादम आला. ब्लीच कमी केल्यावर एका चादरीवर डाग राहिला होता. त्यानं ती दादाच्या तोंडावर फेकून मारली, वर आईवरून शिवी. दादाची मूठ वर गेली. मी डोळे मिटले. उघडले तर मूठ तिथेच, हवेत. दादा पेरांकडे बघत होता. चिरा भरत आल्या होत्या. एक ठोसा, आणि सगळं परत पहिल्यापासून.

त्यानं हात खाली घेतला. मुकादम फिदीफिदी हसला, "भट्टी विझली वाटतं!"

मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातांना इसब नाही. मी त्याच्या थोबाडात अशी एक ठेवून दिली की तो चादरींच्या ढिगात उलथला. अर्ध्या दाताची सगळी वसुली त्यात आली. चादरींचं ते गिऱ्हाईक तुटलं, तुटू दे.

वहिनी पोरीला कडेवर घेऊन जिन्यातून सगळं बघत होती. खाली आली, दादाचा उजवा हात धरला, उलटासुलटा केला, गालावरून फिरवला. मग पोरीला त्याच्या हातांत दिली.

दादा तसाच गोठून उभा. पोरीनं त्याचा अंगठा धरून तोंडात घातला. त्यानं हळूच तिच्या पाठीवरून तळवा फिरवला, परत फिरवला, आणि वहिनीकडे बघून विचारलं,

"एवढी उबदार असते होय ही?"