अंधारकाका आणि एक मीटर उजेड

आमच्या संस्थेत त्यांना सगळे अंधारकाका म्हणायचे आणि त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. "मी उजेड मोजतो," ते म्हणायचे, "अंधार काय, फुकट असतो." पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

ते नोकरीला लागले होते ट्यूबलाइट बदलायला. एकतीस वर्षांनी, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, समुद्रात जाणारा उजेडाचा एकही सेन्सर त्यांच्या सहीशिवाय दाराबाहेर पडत नव्हता. मधे काय घडलं ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. "कुणी करत नव्हतं, म्हणून मी करायला लागलो," एवढंच.

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. भिंती, छत, फरशी, दाराची कडीसुद्धा काळी. एका टोकाला दिवा आणि त्याच्यापासून बरोबर पन्नास सेंटिमीटरवर स्टँडमध्ये सेन्सर. दिव्याचा उजेड किती ते आधीच ठाऊक असतं. सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून काका प्रमाणपत्र लिहायचे. दुसऱ्या कशावरून उसळलेला कवडसाही सेन्सरवर पडता कामा नये, म्हणून ते गुडघ्यापर्यंतचा काळा कोट घालायचे आणि आत येणाऱ्याची दारातच झडती घ्यायचे. घड्याळ काढा, कुड्या काढा. एकदा खुद्द संचालकांना पांढरा शर्ट घातला म्हणून बाहेर उभं केलं होतं. काकू माझ्याकडे गाऱ्हाणं करायच्या, "घरी जेवतानाही पाठीमागचा दिवा घालवतात गं. ताटात सावली पडते म्हणे!"

हे सेन्सर बसतात फ्लोटवर. फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीचा बंद नळा. तो आपला आपण हजार मीटर खाली जातो, तिथे वाहत राहतो आणि दर काही दिवसांनी भर दुपारी वर येतो. वर येताना किती खोलीवर किती उजेड ते मोजतो, पृष्ठभागावर आला की उपग्रहामार्फत आकडे पाठवतो आणि पुन्हा बुडी मारतो. आम्ही तो परत आणत नाही. काका म्हणायचे, "परदेशी गेलेली पोरं बरी म्हणायची. ही घरी येत नाहीत, पण खुशाली तरी वेळेवर कळवतात."

त्या आकड्यांचा अर्थ लावणं हे माझं काम. मी काकांच्या निम्म्या वयाची आणि तिप्पट तापट. त्या वर्षी माझ्या हाती घबाड लागलं होतं. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना जगायला जेवढा उजेड लागतो, तो आमच्या भागात पूर्वी ऐंशी मीटरपर्यंत पोचायचा. माझे नवे पाच फ्लोट सांगत होते की तो आता एकोणऐंशीलाच संपतो. एक मीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण अख्ख्या समुद्राचा एक मीटर म्हणजे चेष्टा नाही. पुढच्या महिन्यात हे परिषदेत मांडायचं होतं आणि माझी नोकरी कायम व्हायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. सहावा फ्लोट ऐंशीच म्हणत होता. तो बिघडला असणार, असं ठरवून मी त्याला यादीतून काढून टाकलं होतं.

परिषदेआधी संस्थेत भाषणाची तालीम असते. काका कधी फिरकत नसत, त्या दिवशी मात्र शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. पडद्यावर पाच फ्लोटांचे क्रमांक आले तशी त्यांनी खिशातली वही काढली. टाळ्या वाजल्या तेव्हा ते वहीतच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, हे पाचही माझा हात मोडला होता तेव्हाचे आहेत."

"मग?"

"डाव्या हाताला प्लास्टर होतं. कोटाची बाही त्यावर चढेना, म्हणून कोट नुसता खांद्यावर टाकला. आकडा वाचताना तो हात सेन्सरच्या शेजारी होता. पांढरा. सहावा सेन्सर प्लास्टर काढल्यावर, पुढच्या जहाजासाठी केलाय."

"एवढ्याशा प्लास्टरने समुद्र काळा होतो?" मी उखडलेच. तो हात मोडलेला असताना, फ्लोट समुद्रात सोडणारं जहाज सुटतंय म्हणून मीच त्यांना फोन करून रजेवरून बोलावलं होतं. तेही मला त्याच क्षणी आठवलं, आणि म्हणून आवाज आणखी चढला.

"करून बघू," ते म्हणाले.

खाली गेलो. त्यांनी माझ्या कुड्या काढायला लावल्या, स्वतःच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं बँडेज गुंडाळलं आणि तेव्हा होते तसे उभे राहिले. आकडा चार टक्क्यांनी चढला. हात मागे घेतला, उतरला. सात वेळा केलं. खोलीत सेन्सरने जास्त उजेड पाहिला, तो मुळातच जास्त दाखवतो असं प्रमाणपत्रात गेलं, म्हणून समुद्रातला उजेड आम्ही तेवढाच कमी धरत होतो. हिशेब चोख बसला: एक मीटर. पाणी खरंच गढूळलं असतं तर माझ्या आलेखातली रेघ खोलीबरोबर वाकत गेली असती; ती वाकली नव्हती, अख्खीच्या अख्खी बाजूला सरकली होती. हे महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

"जगाच्या कुड्या काढतो मी," काका म्हणाले, "आणि आपल्या हाताकडे बघितलं नाही."

मी एक प्रश्न विचारला, ज्याची मला आजही लाज वाटते. "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय का?"

"नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

मग ते बँडेज सोडवत बसले. दोन महिन्यांनी सत्कार घेऊन घरी जाणारा माणूस, गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी वर गेले आणि परिषदेला कळवलं की माझं भाषण रद्द समजा.

काकांनी पाचही प्रमाणपत्रं नव्याने लिहिली. 'चूक होण्याचं कारण' या रकान्यात पाचही वेळा एकच वाक्य होतं: 'माझ्या डाव्या हाताला पांढरं प्लास्टर होतं, माझं लक्ष नव्हतं.' माझ्या फोनचा कुठे उल्लेख नव्हता. ते वाचून मला रडू आलं, आणि मग रागही आला. मला सांभाळून घ्यायला यांना कुणी सांगितलं होतं?

म्हणून मी त्याच सभागृहात पुन्हा सगळ्यांना बोलावलं. प्लास्टरची गोष्ट सांगितली आणि फळ्यावर लिहिलं: 'माझ्या चुका. एक, आजारी माणसाला रजेवरून बोलावलं. दोन, खरं सांगणारा सहावा फ्लोट बिघडलेला ठरवला.'

शेवटच्या रांगेतून हात वर आला.

"पहिली नोंद चुकीची आहे," काका उभे राहून म्हणाले. "ताईंचा फोन आला तेव्हा मी संस्थेच्या फाटकात होतो. घरी बसवत नव्हतं, म्हणून आलो होतो. काकूंना विचारा, भांडून आलो होतो."

सभागृह हसलं. मला हसू येईना. एकतीस वर्षांत या माणसाने जाणूनबुजून एक आकडा खोटा लिहिला नव्हता, तेव्हा हेही खरंच धरणं भाग होतं.

मी पहिली ओळ पुसली. दुसरी राहू दिली.