साडूंचा पक्का काळा

काळ्या रंगावर आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस सोलापुरात झाला नाही आणि होणारही नाही. कुणाला हे खोटं पाडायचं असेल त्यानं खुशाल पाडून बघावं. मी मराठी तिसरीच्या पुढं गेलो नाही, पण एकदा बोललेलं मागं घेतलं नाही, आणि आता या वयात घेणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा रंगाऱ्याचा. घरामागं हौद, चुलाण, वाळत घातलेलं सूत, आणि त्या सगळ्यात कोपरापर्यंत काळे हात घेऊन उभे साडू. तांबडं, हिरवं, पिवळं ते पोटासाठी रंगवीत. 'बाकीचे रंग लेकरं हायती, काळा बाप हाय,' असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, मग ते गिऱ्हाईक हळदीच्या साडीसाठी का आलेलं असेना. नुसतं 'काळं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. तवा काळाकुट्ट, म्हैस काळीकुळकुळीत, डोळे काळेभोर, डोहाचं पाणी काळंशार, दगड काळाठिक्कर, अंधार काळामिट्ट. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी पडला की जेवता जेवता हात थांबायचा. करवंदी काळा वेगळा, जांभळाचा वेगळा, शिसवी वेगळा. देवाला तर काळा म्हणायचंच नाही, सावळा म्हणायचं, आणि तेसुद्धा आवाज उतरवून. एकदा शेजारच्या म्हातारीची शेळी सुटली. ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "माजी काळी शेळी हिकडनं गेली का वो?" साडूंनी हातातली काठी खाली ठेवली. "काळी म्हंजी कशी? काजळावानी का कोळशावानी? का उन्हात तांबूस मारतीया?" म्हातारी भोळी, विचार करत बसली. शेळी तेवढ्यात कुणाच्या मळ्यात पोचून पोटभर जेवली असेल. उलट म्हातारीच ओशाळली, की इतकी वर्षं दूध काढलं आणि आपल्याला शेळीचा रंग धड माहीत नाही.

आमच्या मेहुणीबाईंचं तर रोजचंच झालं होतं. चिडून एकदा म्हणाल्या, "जावा, तोंड काळं करा कुटंतरी." हे चुलाणापाशी बसले होते तिथनं शांतपणे विचारतात, "कच्चं का पक्कं?" बाईंनी कपाळावर हात मारला, पण पदराआड हसल्या, ते मी पाहिलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी यमुना त्यांच्याच हौदाकाठी वाढली. यमुना काळी होती. मी काळीच म्हणायचो. बापानं पोरीचा रंग का लपवावा? दोन ठिकाणची माणसं बघून गेली, दोघांनीही 'कळवतो' म्हणून निरोप घेतला आणि पुढं कळवलं नाही. मी ताठ होतो, पण रात्री घास गोड लागत नव्हता. यमुना काही बोलत नसे, फक्त पाहुणे यायचे म्हटलं की भांडी जरा जोरात आपटायची.

अशात माळशिरसकडची एक शेतकरी मंडळी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात येणार असल्याचं कळलं. मुलगा लग्नाचा होता. पण महिना पौषाचा. पौषात लग्नाचा शब्द काढायचा नाही, मुलगी दाखवायची नाही. साडू म्हणाले, "दाखवायची न्हाईच. तिळगूळ घ्यायला या म्हनायचं. संक्रांतीला काळं नेसायची रीतच हाय. यमुनेला मी चंद्रकळा रंगवून देतो."

"साडू, तुमचं डोकं फिरलंय," मी म्हणालो. "काळ्या पोरीला काळं लुगडं?"

"तुमाला काय कळतंय? आजवर पोरीला पिवळं नेसवून बसवलं, म्हनून ती काळी दिसली. माज्या काळ्याशेजारी बसली की सावळी दिसंल. काळ्याचा कस काळ्यापाशीच लागतो."

मी नाही म्हणालो. यमुना म्हणाली, "काकांचंच नेसनार." मिटलं.

चंद्रकळा आली. तसा काळा मी जन्मात पाहिला नाही. त्यावर नजर ठरत नव्हती, आत बुडत होती. पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली नव्हती. रंगवलेलं कापड शेवटी पाणी निवळ येईपर्यंत धुवावं लागतं, आणि त्या धुण्यात रंग जरासा उतरतो. जन्मभर दुसऱ्यांची लुगडी धुऊन देणाऱ्या या माणसानं माझ्या यमुनेचं लुगडं धुतलंच नाही. तेवढासुद्धा रंग कमी व्हायला नको होता त्यांना.

मंडळी दुपारी आमच्याकडं आली, साडू आणि मेहुणीबाई आधीच येऊन बसले होते. मुलगा, त्याचे आईबाप. पौष असल्यामुळं सगळे पिकापाण्याचं बोलत होते. यमुना पदर सावरत आली. एकदा सावरला, दोनदा सावरला, हाताला घाम आलेला. पांढरा हलवा तिनं सगळ्यांच्या हातावर ठेवला. मुलाच्या बापानं तो तोंडात टाकला, पांढऱ्या मिशांवरनं हात फिरवला, आणि मिशा काळ्या झाल्या.

वाटीतला हलवा राखेसारखा झाला होता. मुलाच्या आईनं स्वतःचे तळवे पाहिले, मग नवऱ्याकडं पाहिलं. "अवं, धा वर्सांनी तरणं दिसायला लागलासा की," ती म्हणाली, पण हसली नाही. साडूंची मान खाली गेली. त्यांना मी मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, झालं, हेही 'कळवतो' म्हणणार.

तेवढ्यात यमुना पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. म्हाताऱ्यासमोर वाकून म्हणाली, "हात धुवा, बाबा. लुगड्याचा हाय, धुतल्यावर जातोय. माजा तेवढा जायाचा न्हाई."

मुलाची आई हसायला लागली. पोट धरून हसली, डोळ्यांचं पाणी त्याच हातानं पुसलं, आणि गालांवर पट्टे उठले तसा म्हातारासुद्धा हसला. मुलगा आपल्या काळ्या झालेल्या तळव्याकडं बघत बसला होता. त्यानं हात धुतला नाही. जाताना आई मेहुणीबाईंच्या कानाशी लागली, "पौष हाय म्हनून गप बसते. माघात येते." आणि माघात आली.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला यमुना माहेरी आली ती आधी साडूंच्या दारात उतरली. मी कोपऱ्यावर उभा होतो. आत दोघांचं बोलणं चाललं होतं, सासरची गाय काळी म्हंजी कशी, माती कशी, विहिरीचं पाणी कसं. ते विचारत होते, ती सांगत होती. मी आत गेलो नाही. दरवर्षी हेच चाललं, आणि मी दरवर्षी बायकोपाशी कुरकुरलो, की बाप मी का ते?

साडू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. यमुनेचेही केस पिकले. ती येते तेव्हा थेट माझ्या दारात उतरते. बापाला याचं बरं वाटायला पाहिजे. पण गाडी त्या वळणावर आली की माझी मान आपसूक साडूंच्या दाराकडं वळते. तिचीही वळत असेल, मी विचारलेलं नाही.